तिकीट खिडकी बंद, हौद चालू: आंतीबच्या मरीनलँडचं प्रकरण

माझा धंदा हिशेब लिहिण्याचा. फर्म सुरू करून देणारे बेळगावात गल्लोगल्ली सापडतील. माझ्याकडे जास्त येतात ते फर्म गुंडाळायला निघालेले लोक. उद्यमबागेतलं बंद पडलेलं मशीन शॉप, खडेबाजारातलं भावाभावांच्या भांडणात गेलेलं कापडदुकान, निपाणीकडचं एखादं तंबाखूचं गोदाम. अशा वेळी एक गोष्ट ठरलेली असते. माल विकायचा, मशीन भंगारात किंवा घेणाऱ्याला, बँकेचं देणं फेडायचं, कामगारांचा हिशेब चुकता करायचा, जीएसटीचा नंबर रद्द करायचा. दुखतं, पण संपतं.

टिळकवाडीत महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण बसतो. दोन फौंड्रीवाले, एक काजू कारखानदार, एक कापडवाला, येळ्ळूरचा एक दूधवाला आणि मी. दर वेळी एकाने एक प्रकरण सोडवून मांडायचं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यशाचीच प्रकरणं भरलेली असतात, म्हणून आमचा नियम असा की बुडालेला धंदा आणायचा, आणि शक्यतो लांबचा. जवळचा आणला की कुणाचा तरी मेव्हणा निघतो.

माझी पाळी आली तेव्हा मी दक्षिण फ्रान्समधलं आंतीबचं मरीनलँड घेतलं. नीस आणि कान या दोन शहरांच्या मध्ये, समुद्राला लागून. ऑर्का, डॉल्फिन, सील, पेंग्विन, शार्क असं सगळं एका आवारात. 1970 साली सुरू झालं, 5 जानेवारी 2025 रोजी बंद झालं. पंचावन्न वर्षं म्हणजे वाईट आयुष्य नव्हे. मी ते निवडलं ते वेगळ्याच कारणासाठी. दरवाजे लागले, पण धंदा संपेना.

शॅम्पूच्या पुडीतून आलेला पैसा

हे पार्क काढणारा माणूस प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. रोलाँ द ला पोईप हा फ्रेंच सरदार घराण्यातला काउंट. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक. सोव्हिएत बाजूने लढलेल्या 'नॉर्मंडी-निमेन' या फ्रेंच तुकडीत होता आणि 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब त्याला मिळाला होता. युद्ध संपल्यावर तो प्लॅस्टिकच्या धंद्यात उतरला. 'डॉप' शॅम्पूची ती छोटी, उशीच्या आकाराची, एका वापराची पुडी त्याच्या कंपनीतून आली. 1968 साली सित्रोएनने काढलेली प्लॅस्टिकच्या अंगाची मेहारी गाडी, तिच्यामागेही हाच माणूस.

हे ऐकून कापडवाला म्हणाला, "म्हणजे पानपट्टीवर माळ लटकते ती?" माळ आपल्याकडची वेगळ्या कंपन्यांची, पण कल्पना तीच. एकदा वापरायचं आणि टाकायचं. ज्या माणसाचा पैसा अशा वस्तूतून आला त्याने पुढे असा धंदा काढला ज्यातली एकही वस्तू टाकता येत नाही. हे मी उगाच जुळवतोय असं फौंड्रीवाल्याचं मत पडलं. पडू दे.

जागा मात्र त्याने अचूक हेरली. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात निम्मा युरोप येऊन पडतो. रस्ता आणि रेल्वे दोन्ही हाताशी. दोन दिवस वाळूवर लोळून पोरं कंटाळली की आई-बापांना तिसऱ्या दिवशी कुठेतरी न्यावं लागतंच. समुद्राचं पाणी शेजारीच असल्याने ते पंपाने खेचून हौदात भरता येतं. डोंगरावर किंवा पठारावर असं पार्क काढणाऱ्याला मीठ विकत घेऊन पाणी खारट करत बसावं लागतं.

ऑर्का म्हणजे मासा नव्हे. डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा सस्तन प्राणी. काळा-पांढरा, टनांत वजन. पहिले प्राणी समुद्रातून पकडून आणले गेले. 1980च्या दशकात आइसलँडजवळ पकडलेले ऑर्का इथे आले. पुढे पार्काने प्रजननाकडे मोर्चा वळवला. 1993 साली शूका ही मादी इथल्या हौदात जन्मली. मग 1996 साली व्हालेंतां, 1999 साली इनूक, 2001 साली विकी. विकीला 2011 साली कृत्रिम रेतनातून मोआना झाला. वीर्य आलं होतं अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या पार्कातल्या नराचं. 2013 साली तिला केइजो झाला.

हिशेबनीस म्हणून मी इथे थांबलो. समुद्रातून प्राणी पकडणं महाग, बदनामीचं आणि पुढे पुढे कायद्याने अवघड. हौदातच पिल्लू झालं तर कच्चा माल घरातला. कागदावर हे सुरेख दिसतं. पण मादी ऑर्का समुद्रात पन्नासच्या आसपास वर्षं सहज जगते, काही त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे 2001 साली जन्मलेली विकी ठीक राहिली तर 2050 ओलांडू शकते. मालकाने 2001 साली पिल्लाच्या जन्माचे पेढे वाटले तेव्हा त्याने पन्नास वर्षांच्या चाऱ्यावर सही केली होती. असा करारनामा माझ्याकडे कुणी आणला असता तर मी त्याला दोन दिवस विचार करून या म्हटलं असतं.

2006 साली हे पार्क स्पेनमधल्या पार्केस रेउनिदोस या मोठ्या मनोरंजन समूहाच्या हाती गेलं. वैमानिकाची हौस इथे संपली आणि ताळेबंद सुरू झाला. तो स्वतः 2012 साली वारला. शेवट त्याला बघावा लागला नाही.

चिखल

घसरण एका कारणाने झाली नाही. आमच्या बैठकीत प्रत्येकाला एकच कारण हवं असतं. कापडवाल्याला ते 'मॅनेजमेंट' असावं असं वाटतं, फौंड्रीवाल्याला 'सरकार'.

पहिला धक्का बाहेरून आला, तोही फ्रान्समधून नव्हे. 2010 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओरलँडोच्या पार्कात एका ऑर्काने आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. त्यावर 2013 साली माहितीपट आला आणि तो जगभर पाहिला गेला. तिथल्या कंपनीचे प्रेक्षक आणि शेअर दोन्ही उतरले. शेवटी 2016 साली तिने ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या काळापासून युरोपातही ऑर्काच्या उडीकडे बघणाऱ्याच्या मनात एक खडा पडला. तिकीट काढणारा माणूस पैसे देऊन अपराधी वाटून घ्यायला येत नसतो.

दुसरा धक्का पाण्याचा. 3 ऑक्टोबर 2015च्या शनिवारी रात्री त्या किनाऱ्यावर अवघ्या काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. ब्राग नावाची नदी पात्र सोडून पार्कात शिरली. त्या पट्ट्यात वीसच्या आसपास माणसं गेली. पार्काचा बहुतेक भाग चिखलात. 2019च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे पूर आला तेव्हा दुकानांतून काढलेला तो गाळ ज्यांनी हाताने उपसलाय त्यांना हे सांगायला नको. पाणी ओसरतं, गाळ बसून राहतो, आणि त्याचा वास भिंतीला महिनोन् महिने धरून असतो. इथे तर भिंतीऐवजी प्राण्यांचे हौद होते. गाळण्या, पंप, विजेची यंत्रणा सगळं एका रात्रीत गेलं. काही दिवसांनी व्हालेंतां हा एकोणीस वर्षांचा नर मेला. पार्क काही महिने बंद राहिलं आणि 2016च्या वसंतात उघडलं.

समुद्रकाठची जागा, शेजारची नदी, सखल भाग, जे चाळीस वर्षं नफ्याचं कारण होतं तेच त्या रात्री आत शिरलं. विमा कितीचा होता, कंपनीने किती ओतले, यात मी शिरलो नाही. एवढं नक्की की पुरानंतर पार्क पूर्वीच्या गर्दीला कधी पोचलं नाही. बंद करण्याची घोषणा करताना कंपनीनेच आकडे दिले. दहा वर्षांत वर्षाचे प्रेक्षक 12 लाखांवरून 4 लाख 25 हजारांवर आले. म्हणजे दर तीन माणसांतली जवळपास दोन गेली. आणि कंपनी हेही म्हणाली की येणाऱ्यांतले 90 टक्के लोक ऑर्का आणि डॉल्फिनचे खेळ बघायलाच येतात.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पेंग्विन, शार्क, सील, कासव मिळून सुमारे दीडशे जातींचे चार हजार प्राणी, आणि दुकान चालत होतं दोन जातींवर. कुंद्याच्या दुकानात फरसाण, बाकरवडी, चकली सगळं मांडलेलं असावं आणि गिऱ्हाईक फक्त कुंदा मागावं, तसं. कुंदा बंद झाला की फरसाणवाला फार दिवस टिकत नाही.

कायदा आला, पत्ता आला नाही

तिसरा धक्का सरकारचा. फौंड्रीवाला इथे सरसावून बसला.

मे 2017 मध्ये फ्रान्सच्या पर्यावरणमंत्री सेगोलेन रोयाल यांनी पदावरून जाता जाता ऑर्का-डॉल्फिनच्या बंदिस्त प्रजननावर बंदी घालणारा आदेश काढला. पार्कांनी त्याला आव्हान दिलं. जानेवारी 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला, प्रक्रियेतल्या चुकीवरून. लोकांची मतं मागवून झाल्यानंतर मसुद्यात मोठा बदल केला, असा आक्षेप. आपल्या महापालिकेच्या ठरावांची मला आठवण झाली.

म्हणून पुढच्या वेळी थेट संसदेचा कायदा आला, 30 नोव्हेंबर 2021चा. 1 डिसेंबर 2026 पासून ऑर्का आणि डॉल्फिनचे खेळ बंद. त्यांना बाळगायला परवानगी फक्त आश्रयस्थानांत किंवा शास्त्रीय संशोधनाच्या कार्यक्रमात. फिरत्या सर्कशीतले रानटी प्राणीही 2028 पासून बंद. पाच वर्षांची मुदत म्हणजे वरवर पाहता सभ्यपणाच.

माझं मत मी बैठकीत सांगितलं, इथेही सांगतो. कायद्याचा हेतू मला पटतो. समुद्रात दिवसाला शंभर किलोमीटरही पोहू शकणारा प्राणी दहा-बारा मीटर खोल हौदात फेऱ्या मारत राहावा हे पटवून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. खरं, आपल्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण', कायद्यात एक रकाना कोरा होता. प्राणी आश्रयस्थानात जावेत असं लिहिलं, आणि ऑर्काला सामावून घेईल असं एकही आश्रयस्थान फ्रान्समध्ये उभं नव्हतं. समुद्राची एखादी खाडी जाळ्यांनी बंद करून, डॉक्टर, माणसं, मासळी, सगळं लावून ते उभारावं लागतं. ते कुणी, कुणाच्या पैशाने आणि कधीपर्यंत उभारायचं याचं उत्तर नव्हतं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि सर्कशीचं असल्याने ते या भागाला जवळचं. भारतीय सर्कस उभी केली ती कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांना शिकवणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी, 1880 साली. चिकोडीहून कुरुंदवाड म्हणजे जेवून जाऊन चहाला परत यावं इतकं अंतर. आमच्या लहानपणी सीपीएड मैदानावर तंबू लागला की वाघाचा वास कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत यायचा आणि आम्ही शाळेच्या वाटेवर मुद्दाम वळसा घेऊन तो वास घ्यायला जायचो. ऑक्टोबर 1998 मध्ये केंद्राने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर बंदीची अधिसूचना काढली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आणि तेव्हा सरकारने सर्कशीतल्या वाघ-सिंहांसाठी बचाव केंद्रं काढली, त्यातलं एक बेंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला. तिथे त्यांचं प्रजनन होऊ दिलं नाही. म्हातारे होऊन एकेक करत ते गेले. केंद्रांत सगळं उत्तम होतं असा दावा मी करणार नाही. पण पत्ता होता. ट्रक कुठे न्यायचा हे ड्रायव्हरला माहीत होतं.

शेवटची दोन वर्षं

ऑक्टोबर 2023 मध्ये मोआना मेला, जिवाणूंच्या संसर्गाने. वय 12. मार्च 2024 मध्ये इनूक मेला, वय 25. शवविच्छेदनात त्याच्या पोटात धातूचा एक लहानसा तुकडा निघाला. उरले विकी आणि तिचा मुलगा केइजो.

या विकीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2018 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. माणसाच्या बोलण्याची नक्कल ऑर्काला करता येते का, हे विकीवर तपासलं होतं. डोक्यावरच्या श्वसनछिद्रातून आवाज काढत तिने 'हॅलो', 'बाय बाय', 'वन टू थ्री' असे आवाज काढले. मी त्याची ध्वनिफीत बैठकीत मोबाइलवर लावली. पोपटासारखं स्पष्ट नाही. दमेकऱ्याने फुगा फुगवताना 'हॅलो' म्हणावं तसं काहीसं. सगळे हसले. दुसऱ्यांदा लावली तेव्हा कमी हसले. तिला अर्थ कळत होता असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, ही फक्त नक्कल होती. तरीही.

कंपनीने ठरवलं की 2026ची वाट बघण्यात अर्थ नाही. दोघांना विकायचं किंवा हलवायचं. जपानमधल्या कोबेचं एक पार्क तयार होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्रान्सच्या मंत्री आन्येस पानिये-रुनाशे यांनी तिकडे पाठवायला नकार दिला. जपानमध्ये नियम ढिले, आपले प्राणी तिथे पुन्हा खेळ करणार, हा आक्षेप. लगेच 4 डिसेंबर 2024 रोजी कंपनीने जाहीर केलं की 5 जानेवारीला पार्क कायमचं बंद. नाताळच्या सुट्टीतला शेवटचा रविवार. शेवटचा गल्ला तेवढा घेतला. शंभरच्या वर कायम कामगार होते.

मग पर्याय आला स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफचा. युरोपातच, प्रवास जपानपेक्षा कितीतरी कमी, तिथे आधीपासून ऑर्का आहेत. एप्रिल 2025 मध्ये स्पेनच्या शास्त्रीय प्राधिकरणाने नकार दिला. त्या जागेत आणखी दोन ऑर्का बसत नाहीत असं त्यांचं म्हणणं. फ्रान्स म्हणतं इथे नको. फ्रान्स म्हणतं जपानला नको. स्पेन म्हणतं आमच्याकडे नको. काजूवाला म्हणाला, "हे तर आपलंच झालं, सीमाभागासारखं." सगळे हसले आणि मी विषय पुढे नेला. ही उपमा एकदा सुरू झाली की आमची बैठक रात्री अकराला संपते.

समुद्रात सोडून का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. कापडवाल्याने तो विचारलाच. याचंही एक उदाहरण झालेलं आहे. केइको नावाचा नर, लहानपणी आइसलँडजवळ पकडलेला. मेक्सिकोतल्या हौदातून 1996 साली ओरेगॉनला, 1998 साली आइसलँडला परत, वर्षानुवर्षं शिकवणी. 2002 साली तो खुल्या समुद्रातून नॉर्वेपर्यंत पोहत गेला, आणि तिथे पुन्हा माणसं शोधायला लागला. पोरं त्याच्या पाठीवर बसायची. डिसेंबर 2003 मध्ये न्यूमोनियाने मेला. तो निदान समुद्रात जन्मला होता. विकी आणि केइजो हौदातच जन्मलेले. त्यांनी समुद्र ऐकला असेल, शेजारीच आहे. बघितलेला नाही.

मे 2025 मध्ये प्राणिहक्कवाल्यांनी वरून घेतलेली चित्रं जगभर फिरली. ओस पडलेलं पार्क, हौदाच्या कडांना हिरवं शेवाळ, आणि त्यात दोन काळे ठिपके फिरतायत. कंपनीचं म्हणणं, हे शेवाळ मोसमी आहे, अपायकारक नाही, काळजी घेणारी माणसं आहेत. खरं असेलही. माणसं होतीच. दोन ऑर्का आणि बारा डॉल्फिन तिथे होते, त्यांना रोज कुणीतरी मासे घालत होतंच.

खात्यात काय लिहायचं

आता माझ्या धंद्यातलं थोडं. समुद्रातला तेलविहिरीचा मंच उभारणाऱ्या कंपनीला तो शेवटी मोडून काढायचा खर्च पहिल्या दिवसापासून ताळेबंदात धरावा लागतो. वापर संपल्यावर जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी असते, म्हणून तरतूद. ऑर्का मात्र बहुतेक हिशेबांत मालमत्तेच्या बाजूला बसतो. कमाई करून देणारी वस्तू. ती कमाई थांबली की ही वस्तू त्याच क्षणी देणं होते, आणि तेही असं देणं की जे सावकाराला एकरकमी देऊन मिटत नाही. रोज सकाळी ते उघडं तोंड घेऊन पाण्यावर येतं.

2021चा कायदा झाला त्या दिवशी हे देणं कागदावर आलं. त्याआधी ते नव्हतं असं मात्र नाही. 1993 साली ब्रिटनमधलं शेवटचं डॉल्फिन पार्क बंद झालं होतं. वारं कुठून वाहतंय ते युरोपातल्या कुणालाही तेव्हापासून दिसत होतं. आणि तरीही 2011 आणि 2013 मध्ये पिल्लं होऊ दिली, एक तर कृत्रिम रेतन करून. माझ्या मते मरीनलँडची मोठी चूक ती. पूर नव्हे, सरकार नव्हे. पाटी उतरवायची वेळ जवळ आलेली असताना पन्नास वर्षांचा नवा माल भरणं.

आपल्याकडे हे संकट टळलं ते थोडं शहाणपणाने आणि थोडं नशिबाने. 1998 साली चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांत सगळे मेले. नंतर देशात ठिकठिकाणी डॉल्फिन पार्काचे प्रस्ताव आले. 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की डॉल्फिनच्या खेळांच्या अशा केंद्रांना परवानगी देऊ नये. त्या पत्रात डॉल्फिनना 'मानवेतर व्यक्ती' समजावं असं सुचवणाऱ्या शास्त्रज्ञांचाही उल्लेख होता.

आंबोली घाट उतरून दरवर्षी मालवणला जाणाऱ्या बेळगावकरांना तोंडवळी-वायंगणीचा 'सी वर्ल्ड' आठवत असेल. महाराष्ट्र सरकारचा तो प्रस्ताव बरीच वर्षं गाजला. गावकऱ्यांनी जमिनीसाठी विरोध केला. तेव्हा आमच्याच बैठकीतला एक जण तिथे हॉटेलसाठी जागा बघून आला होता आणि गावकऱ्यांवर चिडलेला होता. त्याचं नाव सांगत नाही, समोरच बसला होता. डॉल्फिन आजही देवबागच्या बाजूला होडीतून दिसतात. दिसले तर दिसले. नाही दिसले तर होडीवाला "उद्या या" म्हणतो, आणि त्यांच्या चाऱ्याची चिंता त्याला नसते.

येळ्ळूरचा प्रश्न

चर्चा झाली. फौंड्रीवाल्याने सरकारला दोन शिव्या घातल्या, कापडवाल्याने मॅनेजमेंटला. येळ्ळूरचा दूधवाला तोवर काही बोलला नव्हता.

त्याचा गोठा मी वर्षभरापूर्वी बंद करून दिलाय. बारा जनावरं होती. खाद्याचे भाव, दुधाचा दर, मुलगा पुण्याला. दूध काढायचं यंत्र विकलं, थंड करायची टाकी विकली, दुभती जनावरं विकली. दोन भाकड गाई राहिल्या. 2021 पासून कर्नाटकात गोहत्याबंदीचा कडक कायदा आहे, पलीकडे महाराष्ट्रातही आहे. भाकड गाय घेणार कोण? गोशाळेत जागा नाही म्हणाले. माझ्या कागदपत्रांत त्याची फर्म बंद आहे. बँकेचं नाहरकत पत्र मी स्वतः फाइलला लावलं. त्या दोन गाईंसाठी कागदात रकानाच नव्हता आणि तेव्हा तो मला सुचलाही नाही.

तो म्हणाला, "सर, रोजचं खाणं किती?"

मी सांगितलं की ऑर्काला दिवसाला पन्नास किलोच्या वर मासा लागतो. डॉल्फिनला आठ-दहा किलो धर.

त्याने मोबाइल काढला. दोन ऑर्का, बारा डॉल्फिन. "दोनशे धरतो." मग विचारलं, बंद कधी झालं. पाच जानेवारी. आणि ते शेवाळाचे फोटो? मे महिना. "म्हणजे दीडशे दिवस." बोट फिरवलं. "तीस टन मासा." थोडं थांबून, "आणि गल्ला शून्य."

फौंड्रीवाला म्हणाला, कंपनी मोठी आहे, सोसेल.

"सोसेल की. खरं किती वर्षं?" तो उठला, चपला शोधायला लागला. सव्वासहा वाजले होते. चहा यायचा होता, मी थांब म्हटलं.

"येतो सर. वैरण टाकायची हाय."